तेरा दिवस कुणाच्या खाती

फेब्रुवारीचा दुसरा रविवार. रक्कम चाळीस हजार. हजर: मी, पत्नी आणि पत्नीचे थोरले भाऊ. आईचा फोटो भिंतीवर होता, पण त्याला मी हजेरीत धरलं नव्हतं. पुढे धरावं लागलं.

चाळीस हजारांचा आकडा भावांनी आणला होता. त्यांच्या ओळखीचा एक वकील आमचा घटस्फोट तेवढ्यात करून देणार होता. पत्नी वर्षभरापूर्वी सुरतेतल्या माझ्या उधन्याच्या फ्लॅटमधून निघून गोडादऱ्यात, ती शिकवते त्या मराठी शाळेजवळ, भाड्याच्या खोलीत राहायला गेली होती. त्या दिवशी ती पाहुण्यांच्या खुर्चीत बसली होती आणि चहा मी केला होता. तीन कप, सहा चमचे साखर, सपाट. ती चमच्याकडे बघत होती.

कारण विचारणाऱ्यांची आमच्याकडून निराशा होते. दारू नाही, मारहाण नाही, दुसरं कुणी नाही. मी मोजायचो. सुरतेबाहेर सचिन गावात कापड रंगवणाऱ्या एका मिलमध्ये मी हिशेब बघतो. तिथे रंगाचे डबे मोजून घरी आलो की घरातलं मोजायचो. गॅसचा सिलिंडर किती दिवस पुरला ते ओट्यामागच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहायचो. तिच्या माहेरची माणसं येऊन गेली की दिवस कमी भरायचे. तेही लिहायचो, कारणासह. चोवीस वर्षांनी, मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर, ती एवढंच म्हणाली, "मी या घरात राहत नाही. मी स्टॉकात आहे." आणि गेली. मी दुसऱ्या दिवशी भिंत पुसली. डाग राहिला.

तर चहा घेताना मी म्हणालो, "दोघांना मान्य आहे, मग मध्ये वकील कशाला? कौटुंबिक न्यायालयात आपलं आपण उभं राहता येतं, मी चौकशी केलीय. अर्ज, सोगंदनामा, झेरॉक्स, सगळं मिळून दोन हजारांच्या आत."

भाऊ धुळ्याकडचे. सुरतेत तीस वर्षं काढली तरी रागात अहिराणीच येते. "पाव्हना, हाई लगननी पत्रिका छापानं काम नही," ते म्हणाले.

"करू द्या त्यांना, दादा," पत्नी म्हणाली. "चोवीस वर्षं माझ्यावर टिपणं काढलीत त्यांनी. आता नुसती स्वच्छ प्रत काढायचीय."

भावांनी मुदत घातली. गुढीपाडव्यापर्यंत दोघांच्या सहीचा अर्ज कोर्टात गेला तर ठीक. नाहीतर त्यांचा वकील तिच्या बाजूने दावा लावणार आणि त्यात जे लिहावं लागतं ते लिहिणार. म्हणजे छळ. तो शब्द कागदावर आला की मुलगी कधी ना कधी वाचणार. मला चाळीस हजारांपेक्षा त्या शब्दाची जास्त धास्ती होती, हे मी तेव्हा बोललो नाही. बोललो ते दोन हजारांबद्दल.

कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टकडून मी अर्जाचा नमुना आणला. गुजरातीत, तीन पानी. मी तो सुधारायला घेतला आणि अकरा पानांवर नेला. भांड्यांची यादी जोडली, कोणाकडून आलेलं भांडं कोण ठेवणार त्या रकान्यासह. 'अर्जदार क्रमांक एकची सवय' असा एक परिच्छेद घातला आणि त्यात सिलिंडर, पेन्सिल, भिंत सगळं कबूल केलं. दोष लपवायचा नाही, हा माझा बाणा. लिहून झाल्यावर मला फार मोठ्या मनाचं वाटलं.

मग एक रिकामी जागा आली. दोघं अमुक तारखेपासून वेगळे राहतात, अशी. अर्ज करण्याआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. ती मागच्या वर्षीच्या सात जानेवारीला गेली, म्हणजे वर्ष केव्हाच पुरं झालेलं. मी सात लिहिलं आणि पेन थांबलं.

मागच्या मे महिन्यात तीन तारखेला आई वारली. त्या दुपारी पत्नी एक पिशवी घेऊन आली आणि तेराव्यापर्यंत राहिली. आलेल्या-गेलेल्याचं बघितलं, आईच्या साड्या वाटल्या, दिवा विझू दिला नाही. पंधरा तारखेला पंगत उठल्यावर तीच पिशवी घेऊन रिक्षात बसली. तेरा दिवस एका घरात. म्हणजे वर्ष तुटलं. नवं वर्ष सोळा मेपासून. अर्ज या सोळा मेच्या आत करता येणार नाही आणि पाडवा तर मार्चमध्ये.

हे कुणी तपासणार नव्हतं. पण शपथेवरच्या त्या सोगंदनाम्यावर सही माझी होणार होती, आणि मी तो माणूस आहे ज्याने बँकेने चुकून जास्त दिलेलं तीन रुपये व्याज परत घ्या म्हणून दोन अर्ज केले होते. मी कॅलेंडर गुंडाळून गोडादऱ्याला गेलो.

ती वह्या तपासत होती. मी कॅलेंडर पसरून तेरा चौकटी दाखवल्या. "एवढे दिवस तू घरी होतीस."

"कुणाच्या घरी?"

"आपल्या." मग दुरुस्ती केली. "माझ्या."

"मी कुठे झोपत होते?"

"आईच्या खोलीत. दिव्याजवळ."

"आणि तुम्ही?"

"हॉलमध्ये. जमिनीवर."

"आपण दोघं बोललो किती? तुम्हाला माहीत असेलच."

मला माहीत होतं. "तीन वेळा. तांदूळ, गुरुजींची दक्षिणा आणि मंडपवाला."

तिने लाल पेनाचं टोपण लावलं. "मग ते तेरा दिवस सासूबाईंचे. तुमच्या खात्यात धरू नका."

मी म्हणालो की मुद्दा भावनेचा नाही, तारखेचा आहे. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा म्हणालो आहे की ते आता आपोआप बाहेर पडतं. ती म्हणाली, "की तुम्हाला मेपर्यंत थांबायचंच आहे? खरं सांगा. कॅलेंडर बाजूला ठेवून."

मी कॅलेंडर गुंडाळलं आणि निघालो. प्रत्येक गोष्ट टिपून ठेवणाऱ्या माणसाने हा एक प्रश्न कुठेही टिपलेला नाही. उत्तर येत नव्हतं असं नव्हे. आईच्या त्या तेरा दिवसांत सकाळी स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज यायचा. जमिनीवर पडल्या पडल्या मी तो ऐकायचो, आणि तेव्हा काही मोजत नव्हतो. ते तेरा दिवस मला माझ्या खात्यात हवे होते. कायद्याचा मुद्दा मी त्यावर नंतर चढवला.

पाडव्याला नऊ दिवस उरले तेव्हा मी चुपचाप एका वकीलबाईंकडे गेलो. वकील करायला नाही, फक्त एक प्रश्न विचारायला. नुसत्या सल्ल्याची फी एक हजार. मी घड्याळ बघून सुरुवात केली, तारखांसह. बाईंनी मध्येच हात वर केला.

"भाई, तेरमा माटे आव्यां हतां ने? एमां गणवानुं शुं?"

तेराव्यासाठीच आल्या होत्या ना, मग त्यात मोजायचं काय. एकत्र राहणं म्हणजे एका छपराखाली असणं नव्हे, नवरा-बायको म्हणून राहणं, असं त्यांनी समजावलं. जानेवारीची तारीख बरोबर होती. चार मिनिटं लागली. मिनिटाला अडीचशे रुपये. पत्नीने हेच गोडादऱ्यात फुकट सांगितलं होतं.

उरलेली फी वसूल व्हावी म्हणून मी अर्ज पुढे केला. बाईंनी अकरा पानं चाळली. कबुलीच्या परिच्छेदापाशी थांबल्या. दोनदा वाचून म्हणाल्या, "सहमतीच्या अर्जात हे कशाला? हे तुम्ही घरी सांगायचं होतं." मग पेन खाली ठेवून सहज विचारलं, "आणि बेनना वकील हवाय की नको? त्या काय म्हणाल्या?"

वकिलाचा खर्च, फायदे, तोटे यांचा मी दोन पानी तक्ता केला होता. त्यात तिच्या मताचा रकाना नव्हता. 'करू द्या त्यांना' हे मी मत म्हणून धरलं होतं.

बाहेर पायऱ्यांवरून मी तिला फोन लावला. "तुला वकील हवा का?"

पलीकडे शाळेची मधली सुट्टी चालली होती, पोरांचा गलका.

"चोवीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंत, तुला काय हवं," ती म्हणाली. "आणि विचारलंत काय, तर वकील!" ती हसली. बऱ्याच दिवसांनी ऐकलं ते. मग आवाज खाली आला. "हवा. सही करताना बाजूला कुणीतरी बसलेलं हवंय, जे तुम्ही नसाल. दादाही नको."

"आणि मेपर्यंत थांबायचं नाही," मी म्हणालो. "तारीख बरोबर आहे. माझंच चुकलं होतं."

"लिहून ठेवा," ती म्हणाली.

पाडव्याच्या चार दिवस आधी अर्ज दाखल झाला. सही करताना तिच्या बाजूला त्याच वकीलबाई बसल्या होत्या. अडीच पानं. छळ हा शब्द नाही, सवय हा शब्दही नाही. वकीलबाईंनी पस्तीस हजार सांगितले होते. मसुदा तयार होता, तर काही कमी होईल का, असं मी विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, कोऱ्या कागदावरून लवकर झालं असतं.

कायद्याने ठरवून दिलेली सहा महिन्यांची वाट बघून झाली आणि दसऱ्याच्या आधी हुकूम हातात आला. भाऊ आले होते. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून "पाव्हना" म्हणाले आणि पुढचं काही बोलले नाहीत. बहुधा आता काय म्हणायचं ते त्यांनाही ठरवता आलं नसेल.

एकूण दिले ते असे. वकीलबाईंना पस्तीस हजार: निम्मे तिने, निम्मे मी. तिने आपले सतरा हजार पाचशे स्वतः मोजून दिले, मला मोजू दिले नाहीत. पहिल्या भेटीचे एक हजार रुपयेही बाईंनाच गेले. त्यातले निम्मे द्यायला ती तयार होती. मी घेतले नाहीत. तो प्रश्न माझ्या एकट्याचा होता.