घरी बसण्यासाठी काढलेली कंपनी

मेल्विन ऑलसपने वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कंपनी काढली. ती साडेचार महिने चालली. ती बंद पडली माझ्यामुळे. हे कोणाला सांगितलं की समोरचा म्हणतो, असं काही नसतं गं. पण ते तसंच आहे.

आमचं ऑफिस डर्बी स्टेशनच्या मागच्या रस्त्यावर आहे. तिथे रेल्वेच्या सिग्नलांचे नकाशे बनतात. मी नकाशांना क्रमांक देते आणि कुठला कोणाकडे गेला याची नोंद ठेवते. साहित्याची पदवी घेतल्यावर मिळालेली ही माझी पहिली पक्की नोकरी. मेल्विन नकाशे तपासायचा. दुसऱ्याने काढलेला नकाशा घ्यायचा, एकेका तारेवरून रंगीत पेन्सिल फिरवायची, पटलं तर खूण करायची.

"आणि तुझ्याकडून चूक सुटली तर?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"तर दोन गाड्यांची ओळख होते," तो म्हणाला.

तेव्हापासून आम्ही दुपारी एकत्र डबा खायला लागलो. तो माझ्या वडिलांपेक्षा चार वर्षांनी मोठा होता. इतक्या दिवसांत त्याने मला एकदाही सल्ला दिला नाही.

अकरा वर्षं तो त्या खिडकीपाशी बसत होता, पण आमच्या कंपनीचा नोकर नव्हता. काम एका एजन्सीने मिळवून दिलेलं. कागदोपत्री त्याला कामावर ठेवणारी आणि पगाराची चिठ्ठी पाठवणारी कंपनी तिसरीच, चेशरमधली. अशा कंपनीला आमच्याकडे अम्ब्रेला म्हणतात. मेल्विनने तिचं ऑफिस कधी पाहिलं नव्हतं. चिठ्ठीत मालकाने भरायचा करही त्याच्याच पैशातून वजा व्हायचा. "अकरा वर्षं डोक्यावर छत्री आहे," तो म्हणायचा, "आणि भिजतोय मीच."

तरी तो ही व्यवस्था बदलत नव्हता. सकाळी आठला दहा मिनिटं कमी असताना यायचा. सुट्टी हवी असली की आमच्या साहेबाला, डंकनला, विचारायचा. वाढदिवसाला ओटकेक आणायचा, ओटच्या पिठाची धिरडी, चीज घातलेली, फॉइलमध्ये गुंडाळून.

मागच्या ऑगस्टमध्ये त्याच्या बायकोची, रोझलिनची, जीभ जड व्हायला लागली. तिच्या बहिणीला वाटलं ही दुपारची पिते. हॉस्पिटलमध्ये तपासण्या झाल्या. मज्जातंतूंचा आजार निघाला, आणि तिच्यात तो घशापासून सुरू झाला होता. पुढचं पुढे, पण बोलणं आधी जाणार. डॉक्टर म्हणाले, आवाज उन्हाळ्यापर्यंत राहील कदाचित. कदाचित नाही.

मेल्विनने मला हे बेसिनपाशी सांगितलं, कप धुताना.

"रोझचं बोलणं बंद होणार आहे. अडतीस वर्षं मी तिला म्हणतोय, जरा गप्प बस."

मग त्याने तोच कप पुन्हा धुतला.

पुढच्या आठवड्यात तो म्हणाला, "मी लिमिटेड कंपनी काढतोय."

"आत्ता? त्याने काय होणार?"

"अम्ब्रेलात मी नोकर. नक्की कोणाचा ते मलाही माहीत नाही, पण नोकर. वेळ इथली, खुर्ची इथली. स्वतःची कंपनी असली की मी दुकानदार. सोमवारी नकाशे द्या, शुक्रवारी तपासलेले घ्या. मधल्या वेळात मी कधी काम करतो आणि कधी स्वयंपाकघरात रोझसमोर बसतो, ते विचारायचं नाही."

"मग हे आधीच का नाही केलंस?"

"आधी घरी बसून कोणाशी बोलणार होतो? रोझ दिवसभर शाळेच्या मुलांना जेवण वाढायला. आणि मला फॉर्मचा कंटाळा आहे, पोरी. तुला माहितीये."

फॉर्म मी भरला. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी बसने इल्कस्टनला गेले आणि त्यांच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडला. कंपनीचं नाव ऑलसप चेकिंग लिमिटेड. पत्ता घरचा. संचालक एक, भागधारक एक, दोन्ही तोच.

"कर्मचारी किती?" मी विचारलं.

"एक," रोझलिन गॅसपाशी उभी राहून म्हणाली. "आणि तोही कामचुकार." तिचे शब्द घसरत होते, पण वेळेवर येत होते. "आणि हे नाव कसलं रे? लोक घराची वाळवी तपासायला बोलावतील."

तासाभरात झालं. अवघड भाग पुढे होता. नोकरानेच वर कंपनीचा कोट चढवलाय की ही खरीच कंपनी आहे, हे करखात्याला कळायला हवं असतं. आणि ते ठरवून लेखी द्यायची जबाबदारी काम देणाऱ्यावर असते. आमच्या मुख्य ऑफिसने प्रश्न पाठवले. तू आजारी पडलास तर तुझ्या जागी दुसरा तपासनीस पाठवू शकतोस का? हो. काम केव्हा करायचं हे कोणी सांगतं का? नाही. तू इथल्या माणसांपैकी आहेस का? नाही. उत्तर आलं की ही खरी कंपनी आहे. डंकनने त्याचं ओळखपत्र परत घेतलं.

"आजपासून तू पाहुणा," डंकन म्हणाला.

"पाहुण्याला चहा तरी विचारतात," मेल्विन म्हणाला, आणि न पिता गेला.

त्याने ते फार मनावर घेतलं. सोमवारी नकाशे न्यायला आला की दारातल्या वहीत सही करायचा, पाहुण्यांचा बिल्ला लावायचा. आपल्या जुन्या खुर्चीत कधी टेकला नाही. एकदा कोणाचा तरी वाढदिवस होता. मी केक पुढे केला तर त्याने हात मागे घेतला.

"अरे, केकच्या एका तुकड्याने काय होतंय?"

"करखात्याची माणसं हेच बघतात. जेवणाला बोलावलं का, वाढदिवसाच्या यादीत नाव आहे का. मी वाचलंय सगळं."

मला ते हास्यास्पद वाटलं. मला तो दुपारी डबा खायला हवा होता, हेही खरं.

ते दिवस त्या दोघांना बरे गेले. तो पहाटे पाचला उठून तपासायचा. रोझलिन उठली की पेन्सिल खाली. हॉस्पिटलवाल्यांनी तिला आवाज रेकॉर्ड करून ठेवायला सांगितलं, म्हणजे पुढे मशीन तिच्याच आवाजात बोलेल. तिने नकार दिला. "हा बटण दाबत बसेल," ती मला म्हणाली. "आणि जेवण करपवेल."

डिसेंबरमध्ये ऑफिसचं ख्रिसमसचं जेवण होतं. मी त्याला फोन केला.

"फोटोकॉपीचं मशीन दुरुस्त करणारा येतो का जेवायला?" तो म्हणाला.

"त्याला कोणी बोलावत नाही."

"मग मलाही बोलावू नकोस."

मागून रोझलिन काहीतरी म्हणाली. त्याने ते मला सांगितलं, नाराजीने. "म्हणते, जा. तासभर मला टीव्ही बघू दे."

तो चाळीस मिनिटं होता. आपल्या टर्कीचे पैसे त्याने वेगळे दिले, पावती मागून घेतली. निघताना मी त्याच्या डोक्यावर कागदी मुकुट ठेवला आणि डंकनशेजारी उभं करून फोटो काढला. दोघं हसत होते.

ऑफिसचं न्यूजलेटर मी काढते, दुसरं कोणी काढत नाही म्हणून. जानेवारीच्या अंकात तो फोटो टाकला. खाली लिहिलं: 'आमचा मेल्विन. अकरा वर्षं खिडकीपाशी बसून आम्हा सगळ्यांच्या चुका पकडणारा, टीममधला सर्वांत जुना माणूस. अजूनही डंकनला विचारल्याशिवाय एक दिवस सुट्टी घेत नाही.' शेवटचं वाक्य गंमत म्हणून होतं. आपण आता इथले नाही असं त्याला वाटू नये, एवढंच माझ्या मनात होतं. ते वाक्य मला आवडलंही होतं.

न्यूजलेटरची एक प्रत मुख्य ऑफिसला जाते.

जानेवारीच्या शेवटी डंकनने मला खोलीत बोलावलं. माझं पान टेबलावर होतं. शेवटच्या वाक्यावर पिवळी रेघ होती.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"तो मला विचारून सुट्टी घेतो?"

"पूर्वी घ्यायचा. गंमत केली मी."

"तिकडे गंमत कळायला कोणाला पगार मिळत नाही, ब्रायोनी." त्याने डोळे चोळले. "त्यांनी त्याची फाइल पुन्हा काढली. पार्टीत होता, टीममध्ये आहे, साहेबाची परवानगी घेतो. म्हणजे नोकर. फेब्रुवारीच्या मध्यापासून पुन्हा अम्ब्रेलातून यायचं. आणि नोकर म्हटलं की आठवड्यातले चार दिवस इथे हजेरी. सगळ्यांना आहे तशी."

"मी त्यांना लिहिते. सांगते की खोटं आहे."

"लिही. मीही लिहितो. हरकत घेता येते. उत्तर द्यायला त्यांना पंचेचाळीस दिवस असतात."

"आणि तोपर्यंत?"

डंकनने काचेतून बाहेर, खिडकीपाशीच्या खुर्चीकडे पाहिलं.

मी अर्धी सुट्टी टाकून इल्कस्टनची बस पकडली. मेल्विनला ई-मेलवर कळायच्या आधी मला सांगायचं होतं. त्याला कळलं होतं. दार उघडून तो म्हणाला, "आत ये. थंडी आत येतेय."

मी फक्त म्हणाले, "माझ्यामुळे झालं."

"हो," तो म्हणाला. मग किटली ठेवली. "चांगलं लिहिलं होतंस. रोझने दोनदा वाचायला लावलं."

तो चिडला असता तर मला काहीतरी करता आलं असतं. तो चिडला नव्हता, थकला होता. त्या चार महिन्यांत त्याच्या मानेची कातडी सैल झाली होती. हे मला फोटोत दिसलं नव्हतं.

"हरकत घे," मी म्हणाले. "डंकनही लिहितोय. तू जिंकशील."

"जिंकेन बहुतेक. पंचेचाळीस दिवसांनी." त्याने बोटांवर काही मोजलं नाही, नुसता हात टेबलावर ठेवला. "काल तिला माझं नाव घ्यायला तीनदा प्रयत्न करावा लागला. एवढे दिवस मी खिडकीपाशी बसू?"

"मग?"

"नाही म्हणून कळवलं सकाळीच. हातातले नकाशे संपवतो, मग बंद."

"आणि कंपनी?"

"कंपनी आहे की. गिऱ्हाईक नाही फक्त. काही महिन्यांनी नाव काढून टाकायचा फॉर्म असतो. तोही तूच भरणार आहेस, सुटका नाही."

शेवटचा नकाशा त्याने फेब्रुवारीच्या मध्यावर परत केला. स्केगनेसजवळ समुद्रकाठी त्यांचा एक कॅरॅव्हॅन होता, सुट्टीत राहायचं चाकांवरचं घर; घरखर्चासाठी तो महिनाअखेरीला विकला. मी मुख्य ऑफिसला दोन पानी पत्र लिहिलं. त्याला अजून उत्तर नाही. न्यूजलेटर मी आता काढत नाही. कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

मार्चमध्ये एका सोमवारी मी सुट्टी घेतली आणि गेले. रोझलिन स्वयंपाकघरात उशीला टेकून बसली होती. बारीक झाली होती. डोळे तसेच. मला पाहून तिने बोटाने मेल्विनकडे दाखवलं आणि सांगायला सुरुवात केली. त्यांची भेट कशी झाली ते. मॅटलॉकचा बसथांबा, १९८४.

एकेका शब्दाला ती थांबत होती. 'बसथांबा' म्हणताना मान पुढे येत होती. मला पुढचा शब्द कळत होता आणि तो माझ्या ओठावर आला. मेल्विनने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. तो स्वतः तिच्या तोंडाकडे बघत होता, नकाशाकडे बघायचा तसा. एकही शब्द त्याने तिला पुरवला नाही. शब्द पूर्ण झाला की फक्त मान हलवायचा. मेल्विनचा फोन वाजला. डंकनचं नाव दिसत होतं. मेल्विनने तो उलटा करून ठेवला.

तिच्या गोष्टीत शेवटची बस गेलेली होती. तो तिच्याशेजारी उभा होता, हातात माशांची पिशवी. वीस मिनिटांत आम्ही एवढ्यापर्यंत आलो. मग तिचे ओठ हलले पण आवाज आला नाही. तिने डोळे मिटले. मेल्विनने रुमालाने तिची हनुवटी टिपली.

"दमली," तो म्हणाला.

"पण मग पुढे काय झालं?" मी विचारलं.

रोझलिनने डोळे न उघडता एक बोट वर केलं. नाही. त्याने सांगायचं नाही.

"तीच सांगेल," मेल्विन म्हणाला. "उद्या मंगळवार आहे. मला कुठे जायचंय?"

मला मात्र उद्या सकाळी आठला ऑफिसात पोचायचं होतं. मी कोट घातला.