अक्कानं सांगितलेला शेवट

सेनगावला अंगणात सोयाबीन वाळत घालून हात धुते न धुते तोच कळमनुरीहून अक्काच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. "सुमन, निघ बाई. अक्का उठंना गेली." एसटीत हिंगोलीपर्यंत मी रडले नाही. जाईपर्यंत उठलेली असेल, मला बघून म्हणेल, "काहून पळत आलीस?" असंच वाटत होतं... तसं काही झालं नाही. दोन महिने होत आले त्याला. लिहायला बसले ती माझ्या थोरल्या बहिणीचं कौतुक करायलाच. पण कौतुकाआधी एक सांगायचंय, आणि ते आठवलं की माझं डोकं तापतं.

आई-वडील लवकर गेले. अक्कानंच मला वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही, कळमनुरीहून जाऊन-येऊन आखाडा बाळापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवत राहिली. तिच्याकडे जादूची एक जाडजूड इंग्रजी कादंबरी होती. त्यातली पोरगी गोष्ट सांगते आणि सांगितलेलं खरं होतं. नदी म्हटलं की नदी वाहायला लागते. मला तेव्हा इंग्रजी झेपत नव्हतं. संध्याकाळी मी तुरीच्या शेंगा सोलायची आणि अक्का पुस्तक मांडीवर घेऊन आपल्या बोलीत सांगायची. तिची जादूगारीणसुद्धा "आमी न्हाई येत, जा" म्हणायची. मी मात्र हुंकार द्यायलाच पाहिजे. थांबले की म्हणायची, "झोपलीस का सुमे? हुंकार न्हाई तर गोष्ट वाट चुकती." दर हिवाळ्यात तीच कादंबरी. फक्त शेवटचं प्रकरण तिनं राखून ठेवलं होतं, मोठी झाल्यावर सांगीन म्हणून.

बी.ए. झाल्यावर पुण्याला पत्रकारितेच्या कॉलेजात माझा नंबर लागला. बॅग भरून झाली, आणि त्याच आठवड्यात अक्का म्हणाली, "बस, शेवट सांगते." त्या पोरीला कथेकऱ्यांच्या नगरीचं बोलावणं येतं. वेशीतून आत गेलं की परत येणं नाही. ती वेशीपर्यंत जाते, मागं वळून बघते, तर "तिच्या बिगर सारं गाव मुकं होऊन राहिलं." मग ती तिथूनच माघारी फिरते... मी ढसाढसा रडले. दुसऱ्या दिवशी बॅग रिकामी केली. अक्का एवढंच म्हणाली, "तुझी मर्जी बाई." पुढं लग्न होऊन सेनगावला आले, रविवारी कळमनुरीला जात राहिले. संसार वाईट झाला असं नाही. पण पेपरात माझं नाव छापून यायचं होतं, ते आता असं येतंय, तिच्या मरणावर.

गेल्या महिन्यात माझी लेक पल्लवी नांदेडहून तीच कादंबरी मराठीत घेऊन आली. "मम्मी, मावशीचं पुस्तक. वाच, बरं वाटंल." वाचताना आधी हसूच आलं. आमच्या गोष्टीतलं भांडखोर गाढव पुस्तकात नव्हतंच, ते अक्कानं आमच्या गल्लीतून उचललेलं. ते मी लाडानं माफ केलं. मग शेवट आला. पोरगी वेशीतून आत जाते. मागं बघत नाही. गाव मुकंबिकं काही होत नाही. तिथली लेकरं आपल्या गोष्टी आपणच सांगायला लागतात. मला वाटलं, भाषांतरात घोळ झाला. अक्काची इंग्रजी प्रत काढून पल्लवीकडून वाचून घेतली. तिच्यातही तेच होतं.

पल्लवी म्हणाली, "मावशीला तू जवळ पाहिजे होतीस. एवढंच." एवढंच? केसानं गळा कापला माझा. तोही माझ्या सगळ्यात आवडत्या गोष्टीनं, आणि मी वाक्यावाक्याला हं म्हणत बसले होते. दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. हिला काय म्हणू? जिनं मला न्हाऊमाखू घातलं तिच्यावर इतकं चिडावं लागतंय, याचाही राग येतो.

मागच्या रविवारी सवयीनं कळमनुरीला गेले. तिची खोली उघडली. खाटेसमोर बसून खरा शेवट मोठ्यानं वाचला, वेशीचं पान दोनदा वाचलं. भांडायला तरी माणूस समोर पाहिजे ना... पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "अक्का, गोष्ट काहून बदललीस गं? नुसतं 'नको जाऊ' म्हणाली असतीस, तरी मी राहिले असते."