काई नाई, गॅस होय

धान कापणीला बायका लावल्या होत्या. बांधावर त्यांचा चहा गाळत असताना धानोऱ्याहून फोन आला, हे तालमीत पडले. पडले म्हणजे गेलेच होते. छातीवर हात दाबून म्हणाले, “काई नाई, गॅस होय,” आणि सगळे कलाकार हसले, कारण तो नाटकातलाच संवाद. हसून झाल्यावर पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले... त्यांच्यावर माझा राग नाही. ज्याच्यावर आहे तो फोटोत हार घालून बसला आहे.

माझे यजमान झाडीपट्टीची नाटकं लिहायचे, त्यात कामही करायचे. दिवाळीनंतर गावोगावी नाटकाचे मंडप उभे राहिले की होळीपर्यंत माणूस घरचा नसे. त्यांनी उभा केलेला मामा सगळीकडे ठाऊक: चिडका, खोटारडा, शर्टाच्या खिशात ओव्याची डबी. छातीत कळ आली की चिमूटभर ओवा तोंडात आणि “काई नाई, गॅस होय.” लोक हसून लोळायचे. माझ्या माहेरी अजूनही जेवण जास्त झालं की हेच म्हणतात. नवीन लिहिणारा कोणी घरी आला की हे त्याला सांगायचे, “दुसऱ्याच्या घरी चोरी कराले काऊन जातो? आपल्याच घरी चोर. पकडलं तरी कोणी मारत नाई.”

आणि चोरलंच. माझं भांडी आपटणं, स्वतःचा भित्रेपणा, आमच्या चुलीजवळची डबीसुद्धा. दवाखान्यात चला म्हटलं की मामाच्या आवाजात उत्तर यायचं, पोरं हसायची, विषय संपायचा. माणूस आपल्याच पात्राच्या मागे लपून बसलाय, हे घरच्यांनी कसं ओळखावं? मी तो दोष अंगाला लावून घेणार नाही.

तेरवीला यांच्या नाटकातला नंदू आला. यंदा मामाचं काम तो करणार. त्यानं सांगितलं, गेल्या हंगामात यांनी शेवटच्या प्रवेशात दोन वाक्यं वाढवली होती. मी नाटक शेवटपर्यंत कधी पाहिलं नाही. ते रात्रभर चालायचं आणि सकाळी म्हशी माझ्याच गळ्यात. मामा एकटा उरतो, डबी बंद करतो आणि लोकांकडे बघून म्हणतो, “गॅस नाई होय, मले मालूम हाये. पन घरी सांगू नोका.”

म्हणजे पार मुलचेऱ्यापर्यंतच्या गावांतल्या अनोळखी लोकांना सांगून झालं होतं. आणि लोकही असे आज्ञाधारक, कोणी घरी सांगितलं नाही.

नंदूला डबी हवी होती. म्हणाला, “बाई, त्या डबीबिगर मामा उभाच नाई होत.”

“त्यायचं काऊन मागून राह्यला?” मी म्हटलं. “आपल्या घरचं आन.”

तो चहा पिऊन गेला.

परवा जेवल्यावर माझ्याच छातीत जळजळलं. हात डबीकडे गेला, झाकण उघडलं... परत लावलं, पदर खोचला आणि बस धरून चंद्रपुरात छातीची ईसीजीची पट्टी काढून आले. डॉक्टर म्हणाले, काही नाही, गॅस आहे. परतीच्या बसमध्ये इतका संताप आला की शेजारची बाई सरकून बसली. एवढंच तर करायचं होतं यांना. एक बस धरायची होती.

घरी येऊन चिमूटभर ओवा खाल्ला. डबी चुलीजवळ आहे, तिथेच राहील.