दुसऱ्यांदा लावायचा कौल

निम्मी वाट सरली होती. दोघी कालव्याच्या कडेनं चालल्या होत्या. आडी महिन्याचा, म्हणजे तमिळ आषाढाचा वारा सुटलेला, केळीच्या पानांच्या पार चिंध्या झालेल्या. कामाक्षीकाकी पदराआड फुलांची परडी सांभाळत पुढं, पुतणी मधुमिता चार पावलं मागं. कुंभकोणमहून मरुदानल्लूरला बस जाते. पण तिथल्या विठोबाच्या मठात कौल लावायचा तर अनवाणी चालत जायचं, ही मधुमिताच्या वडलांच्या, सुंदररावांच्या घरची रीत.

परडीत एक तांबडी कण्हेर होती आणि एक पांढरी तगर. केळीच्या पानाच्या दोन सारख्या पुड्यांत ती बांधायची, विठोबापुढं ठेवायची आणि मठातल्या कुणा म्हातारीला एक उचलायला सांगायची. तांबडं निघालं तर मधुमितानं कोइमतूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचं. पांढरं निघालं तर गावातल्याच कॉलेजात भूगोल घ्यायचा. कोइमतूरला जागा मिळाली होती. घेतली की सोडली, ते आज पाचच्या आत कळवायचं होतं.

"भूगोल शिकून काय करशील बाळ? पितळेच्या घागरींशेजारी नकाशे लटकवू का विकायला?" असं सुंदरराव दुकानात गिऱ्हाइकांदेखत म्हणायचे. मधुमिता नुसती हसायची. वाद घालणं तिच्या स्वभावातच नव्हतं. लहानपणापासून तिचं सगळं सावकाश. दोन परकर पुढं ठेवले, तर आई कंटाळून एक परत कपाटात टाकेपर्यंत हिचं ठरत नसे. वीणा शिकायला घातली. बरी वाजवायची, आणि एके दिवशी सोडून दिली. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "हात चालतो, मन कुठं असतं ते कळत नाही." बारावीला मात्र मार्क भरभरून पडले आणि तिथंच पंचाईत झाली. कमी पडले असते तर कुणी काही विचारलंच नसतं.

काकी मूळची मिरजेची, मराठी शाळेत शिकलेली. लग्न होऊन या तंजावरी मराठी घरात आली, तेव्हा त्यांची जुन्या वळणाची बोली ऐकून तिला हसू यायचं. आता ती तिच्याही कानाला सवयीची झाली होती. देवाचं ती गाजावाजा न करता करायची, म्हणून तर मोठे दीर सुंदरराव म्हणाले होते, "कामाक्षी, तुझा हात स्वच्छ. या वेळी तूच बांध."

"काकी," मागून आवाज आला, "घरी कौल लावला तेव्हा काय आलं?"

"तुला ठाऊक आहे की."

"तुझ्या तोंडून ऐकायचं मज."

"पांढरं."

"आणि अप्पा काय म्हणाले?"

"पंख्याच्या वाऱ्यानं पुडी हलली म्हणाले."

"करंट गेला होता तेव्हा."

काकीनं हसू गिळलं. तिलाही ते माहीत होतं, पण त्या घटकेला थोरल्या दिरापुढं ती बोलली नव्हती.

"मग भूगोलच हवा म्हणून सांग भावजींना. मी उभी राहते शेजारी."

"हवा का, तेच कळत नाही. पांढरं आलं तेव्हा रडू आलं. मग रात्री तांबडं येऊ दे म्हटलं, तर हॉस्टेलची खोली डोळ्यापुढं आली नि घर सोडवेना."

"म्हणून तर त्याला विचारायचं. आपल्याला दिसत नाही ते त्याला दिसतं. माझ्या वडलांनी मिरजेत कौल लावला, म्हणून मी इथं आले."

"आणि नीट झालं नसतं तर? कुणावर रागावली असतीस?"

काकीनं परडीवरचा पदर सारखा केला. विठोबावर रागावण्याचे दिवस तिनंही काढले होते, पण ते पुतणीला काय सांगायचे?

मठाच्या तळ्याशी पोचल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तेवढ्यात सुंदररावांचा फोन आला. "पोचलात ना? आटपा लवकर. शेवटच्या घटकेला ती वेबसाइट अडकते म्हणतात. काय निघालं ते आधी मला सांग, मग इथं बटण दाबतो."

काकीनं पायरीवर बसून हात धुतले, पान फाडून दोन तुकडे केले. परडीकडं हात नेला, तशी मधुमितानं परडी हळूच आपल्याकडं ओढली.

"काकी, दोन्ही पुड्या रिकाम्या बांध."

"देवापुढं खोटं वागायचं?"

"खोटं कसं? फुलं दोन्ही त्याच्या पायाशी वाहू. मी वाहते." तिनं काकीकडं सरळ पाहिलं. "पुडी उघडली की अप्पांना फोन लाव. रिकामी आम्हीच बांधली म्हणून खरं ते सांग, आणि फोन मजकडं दे. काय बोलेन ते मजच ठाऊक नाही अजून. पण चुकलं तर मी चुकले असं होऊ दे, काकी. त्याच्यावर ढकलायला नको. बांधशील?"