धुरपदाबाईनं दार उघडलं

धुरपदाबाईचा नवरा वारला आणि तिचं घर-रान तिच्या दिराच्या, बब्रुवानच्या, डोळ्यांत खुपायला लागलं. दुष्काळात ती खडी फोडून जनावरं जगवत होती, तेव्हा हा शहाणा फिरकला नव्हता. विहिरीला पाणी लागलं तशी त्याला मेलेल्या भावाची आठवण यायला लागली. दारू ढोसून यायचा आणि वहिनीला मारायचा. शेवटी तिनं तालुक्याच्या कोर्टातून मनाई हुकूम आणला. बब्रुवाननं तिच्या घरात, रानात पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर कैद.

त्यानं तो पहिल्याच महिन्यात मोडला. कोर्टानं दम भरला, पुन्हा केलंत तर आत घालू म्हणून, आणि सोडून दिला. गावच्या दूध सोसायटीचा चेअरमन ना तो, प्रतिष्ठित माणूस. असल्या हुकमाला काय चाटायचंय?

मग सासू वारली. दगडाबाई म्हातारी सुनेकडंच राहायची. लेकानं तिला कधी पाणी विचारलं नव्हतं. पण अग्नी लेकानंच द्यायचा. भावकी अंगणात अडून बसली, लेक आल्याबिगर मढं उचलायचं नाही. दुपार कलली तेव्हा धुरपदाबाईनंच निरोप धाडला आणि दार उघडलं. दुसरं काय करायचं होतं तिनं?

तिसऱ्या दिवशी राख सावडून बब्रुवान सरळ घरात शिरला. वहिनीला केस धरून बाहेर ओढलं, लाथा घातल्या आणि आत ठाण मांडलं. मयताचं घर म्हणून भावकी गप्प बसली. कसली भावकी ही!

धुरपदाबाई पुन्हा कोर्टात गेली. बब्रुवानच्या वकिलानं एकच विचारलं, "दार कुणी उघडलं?"

"म्या. मढ्यासाठी उघडलं. मला मारायला न्हाय."

वकिलाला पहिला शब्दच पुरला. जज्जसाहेबांनी निकाल सांगितला. बाईंनी स्वतः बोलावलं, प्रसंग दुःखाचा होता, चेअरमननी हात जोडून माफी मागितली आहे. त्यांनी घर सोडावं, कैदेची गरज नाही.

धुरपदाबाई साहेबांच्या टेबलाकडं सरकली.

"माफी तुमाला मागितली, सायेब. मार म्या खाल्लाय."

"बाई, हुकूम कोर्टाचा होता," साहेब कागदातून वर न बघता म्हणाले. "अवमान कोर्टाचा झाला. कोर्टानं माफ केलं."

"आन् म्या?"

शिपायानं पुढचं प्रकरण पुकारलं.