बांधाचे दगड

जिंतूरच्या पुढं एका डोंगरावर महादेवाचं लहानसं देऊळ आहे. वर जाणारी पायवाट मुरमाड होती, पाय टिकत नसे. श्रावणात दरवर्षी कुणी ना कुणी पडायचं. आमच्या परभणीत सकाळी फिरायला जाणारे आम्ही दहा-बारा जण होतो. कुणी शिक्षक, कुणी कारकून, एक औषधाचे दुकानदार. मी शाळेत चित्रकला शिकवतो. आमच्यातल्या एका निवृत्त इंजिनिअर साहेबांनी सुचवलं की दर रविवारी जाऊन तिथं दगडी पायऱ्या करू या. सगळ्यांना ते पटलं. मला तर फारच पटलं, कारण आयुष्यात माझ्या हातून टिकेल असं काहीच झालं नव्हतं. फळ्यावर काढलेलं चित्र पुढच्या तासाला पुसलं जातं.

मार्गशीर्षात काम सुरू झालं. पहिल्या महिन्यात हातांना फोड आले, मग घट्टे पडले. साहेब सुतळी लावून उंची बघायचे आणि आम्ही पहारीनं दगड बसवायचो. पायथ्याला एका बाईंचं अर्धा एकर रान होतं. साठीच्या असतील, एकट्याच राहायच्या. मुलगी ताडकळसला दिलेली. आम्ही आलो की त्या कळशीभर पाणी घेऊन वर यायच्या आणि आम्ही पाणी पिईपर्यंत तिथंच उभ्या राहायच्या. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो.

वैशाखापर्यंत जवळचे सुटे दगड संपले. आता दगड खालच्या ओढ्यातून आणायचे, म्हणजे एका दगडामागं अर्धा तास. श्रावणाच्या आत काम पुरं करायचं होतं. एका रविवारी मी वाटेच्या कडेला थोडा आत गेलो, तर पन्नासेक पावलांवर उतारावर आडवा रचलेला जुना दगडी बांध दिसला. दगड चपटे, एकसारखे, जणू पायऱ्यांसाठीच घडवलेले. मध्ये दोन-तीन ठिकाणी ढासळलेला होता. मी येऊन सांगितलं, "पडका बांध आहे, कुणाचा दिसत नाही." साहेब खूश झाले. सगळे खूश झाले.

दगड काढायला मीच पुढं होतो. मावशी पाणी घेऊन आल्या तेव्हा मी तिथं एकटाच होतो. त्यांनी कळशी खाली ठेवली.

"गुरुजी, हे दगड कशाला काढायलात?"

"पायऱ्यांना, मावशी."

"ह्याला हात लावू नका. माझ्या सासऱ्यानं रचलेला हाय. वरचं पाणी इथं थांबतं, मग हळूच खाली येतं. न्हाईतर समदं माझ्या रानात यायचं."

मला त्यांचं म्हणणं कळलं नाही असं नाही. चांगलं कळलं. पण खाली माणसं खोळंबली होती आणि बांध मी शोधलेला होता. मी म्हणालो, "काम झालं की आम्ही परत रचून देऊ."

"नक्की देताल ना?"

"देऊ की."

त्यांनी मला पाणी दिलं. हे बोलणं मी खाली कुणालाच सांगितलं नाही.

श्रावणाआधी पायऱ्या झाल्या. दोनशेच्या वर. पहिल्या सोमवारी गावातल्या म्हाताऱ्या काठी न टेकता वर गेल्या, ते बघून माझे डोळे भरून आले. बांधाचं मनात होतं, पण पाऊस सुरू झाला होता, म्हटलं दिवाळीनंतर बघू.

भाद्रपदात एका दुपारी डोंगरावर जोराचा पाऊस झाला. पायऱ्या जागच्या हलल्या नाहीत. पाणी मात्र बांध काढला होता तिथून सरळ खाली गेलं आणि मावशींचं शेंगा भरलेलं सोयाबीन मुरमाखाली गाडून गेलं. वरची माती ओढ्याला गेली. मला हे आठ दिवसांनी फोनवर कळलं.

दिवाळीनंतर पायथ्याशी मंडप घालून कार्यक्रम झाला. सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. साहेब भाषणात म्हणाले, "एवढ्या पावसात शेजारचं रान वाहून गेलं, पण आपली एक पायरी हलली नाही. निसर्गापुढं आपलं काय चालतं?" टाळ्या पडल्या. मग आम्हाला पाणी दिलं म्हणून मावशींना पुढं बोलावलं आणि साडी दिली. त्यांचं नाव मीच पुकारलं. त्यांनी साडी घेतली, सगळ्यांना हात जोडले, मलाही जोडले. माईक माझ्या हातात होता. मी पुढच्या सत्काराची घोषणा केली.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग तिथंच का नाही बोललात?"

माघात मी एकटाच एसटीनं गेलो. मावशी अंगणात शेळीला पाला टाकत होत्या. मी म्हणालो, "मावशी, तुमचं रान माझ्यामुळं गेलं."

"मला ठावं हाय."

"मग त्या दिवशी कुणाला बोलला का नाहीत?"

"तुमी बोलताल असं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. मग म्हणाल्या, "दगड लावायचे तर लावा. मी दावते कसं लावायचे ते."

मी ग्रुपमध्ये सगळं खरं सांगितलं. साहेब म्हणाले, मला आधी कळायला हवं होतं. पण पुन्हा तिथं जायला कुणाचं मन होईना. औषधाचे दुकानदार तेवढे तीन रविवार आले. पुढं मी एकटाच. ओढ्यातून दगड आणायचो आणि मावशी उभ्या राहून सांगायच्या, "लांब बाजू आत घाला गुरुजी, बाहेर दिसायसाठी लावू नका." मी रचलेला एक भाग त्यांनी दोनदा काढायला लावला. चैत्र संपेतो निम्मा बांध झाला. मग माझा गुडघा गेला. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही असं बजावलं.

पुढच्या पावसात पाणी उरलेल्या अर्ध्यातून आलं. त्या वर्षी मावशींनी रान पेरलंच नव्हतं. पेरायला माती राहिली नव्हती. दसऱ्याला मुलगी येऊन त्यांना शेळीसकट ताडकळसला घेऊन गेली.

मागच्या हिवाळ्यात मी ताडकळसच्या बाजारच्या दिवशी मुद्दाम गेलो. मावशी लेकीच्या दारात शेंगा निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, सतरंजी टाकली, चहा करायला सांगितला. "गुडघा कसा हाय?" असं विचारलं. माझ्या मुलीचं शिक्षण कुठवर आलं ते विचारलं. बांधाचं एका शब्दानं विचारलं नाही. मी तासभर बसलो. त्या विचारतील, रागावतील, काहीतरी म्हणतील याची वाट बघत बसलो. निघताना त्यांनी पिशवीत शेंगा घातल्या आणि फाट्यापर्यंत सोबत आल्या. बस लवकर आली.