दाराबाहेरचे मामा

"कडी नका लावू, सर. नुसतं लोटून घ्या."

परतूरच्या शाळेत मी रुजू झालो तेव्हा आमच्या शिपायाचं, मामांचं, हे पहिलं वाक्य कानावर पडलं आणि पुढे रोज पडत राहिलं. वर्ग असो की मुतारी, दाराशी विटेचा तुकडा सरकवल्याशिवाय मामा पुढे जात नसत. मुतारीवरून मी एकदा चिडलोही होतो. तुमच्याही शाळेत असा एखादा विक्षिप्त शिपाई असेलच. आपण त्याला हसतो, कारण विचारत नाही.

मला ते उशिराच कळलं. तरुणपणी मामा जिनिंगमध्ये कामाला होते. कापूस चोरीला जातो म्हणून गोदामाला बाहेरून कडी असायची. आग लागली तेव्हा आत चौघं होते. जिवंत निघाले ते एकटे मामा, छातीत कायमचा खोकला घेऊन.

मग शाळेत खिचडी शिजू लागली आणि ती शिजवायला मावशी आल्या. नवऱ्यानं त्यांच्यावर कुऱ्हाड चालवली होती. डावा हात खांद्याच्या वर जात नसे. सोडचिठ्ठी झाली होती, पण तो तुरुंगातून सुटून कुठेतरी मोकळा फिरत होता. त्यामुळे दिवसाढवळ्याही आतून कडी लावल्याशिवाय त्या चुलीपुढे बसत नसत.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. पहिल्याच दिवशी बंद दाराच्या फटीतून धूर निघताना मामांनी पाहिला आणि खांद्यानं दार फोडलं. मावशींना वाटलं, तोच आला. त्यांनी हातातला डाव हाणला. मामांच्या कपाळाला चार टाके पडले.

"चूक माझीच," पट्टी सावरत मामा म्हणाले. "पर असं करू. तुम्ही कडी लावा, बिलकुल लावा. मी भाईर बसतो. मधून मधून इचारीन, हाईत का? तुम्ही हाव म्हना. म्हंजी तुमालाबी भ्या न्हाई, मलाबी न्हाई."

तेव्हापासून खिचडी होईपर्यंत तेच. "हाईत का?" "हाव." आम्ही मास्तर मंडळी नकला करायचो. वर्षभरात ते "हाव" जरा लांबायला लागलं, हे मात्र नकला करतानाच आमच्या ध्यानात आलं.

जांब समर्थला जाऊन दोघांनी लग्न केलं. पोरांनी एका दिवसात मावशीची मामी केली. कडी काही सुटली नाही. रात्री मामी घरात, मामा ओसरीवर, भर थंडीतसुद्धा. मी म्हणालो, "अहो, घर तुमचं, बायको तुमची."

"तिला झोप लागली पाह्यजे, सर. माझं काय, मी पहारा करून राह्यलो."

खोकला वाढत गेला. शेवटी त्यांना जालन्याला दवाखान्यात ठेवलं. त्याच आठवड्यात केदारखेड्याहून मामींचा भाऊ आला. पहिला नवरा मेला होता. अग्नी देताना भावानं स्वतः पाहिलं होतं. मामींनी सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे पेचकस मागितला आणि एका हातानं घराच्या कडीचे स्क्रू काढत बसल्या. मी मदत करू लागलो तर करू दिली नाही.

जालन्याला मामांना मीच सांगितलं.

"बराबर मेला ना, सर?"

"भावानं डोळ्यांनी पाहिलंय."

"मंग जल्दी घरी न्या मला."

नऊ दिवस मामा स्वतःच्या घरात, आत झोपले, दार सताड उघडं ठेवून. दहाव्या दिवशी गेले. निदान नऊ दिवस तरी मिळाले, असं लोक म्हणतात. मला नाही तसं म्हणवत. फार कमी होते ते.

महिन्यानं गेलो तर मामी ओसरीवर, मामांच्या जागी बसलेल्या. मागे दार उघडंच.

"आत का नाही बसत?"

"आत बसले तं इचारनार कोन, सर, हाईत का म्हनून?"

त्या चहा ठेवायला उठल्या. मी त्या जागेवर टेकलो. आतला स्टोव्ह बंद झाला, तरी त्या बाहेर येईनात. दोनच शब्द विचारायचे होते. माझ्या तोंडून ते काही निघाले नाहीत.